चुंबनाच्या आधी एक बाळ होतं

सूत कातताना जवसाचं एक कुसळ तालियाच्या नखाखाली शिरतं आणि ती जागीच कोसळते. बाप तिला रानातल्या वाड्यात मखमली आसनावर ठेवतो, दारं लावून घेतो आणि कायमचा निघून जातो. पुढे शिकारीला आलेल्या एका राजाचा ससाणा खिडकीतून आत उडतो. त्याच्या मागोमाग राजा वाड्यात शिरतो. हाका मारतो, ती उठत नाही. त्या निजलेल्या मुलीवर तो बलात्कार करतो, आपल्या राज्यात परततो आणि तिला विसरून जातो. नऊ महिन्यांनी तालियाला झोपेतच जुळं होतं. एके दिवशी ती बाळं दुधासाठी चाचपडत असताना चुकून आईचं बोट तोंडात धरतात. चोखत राहतात, चोखत राहतात, आणि नखाखालचं कुसळ सुटून बाहेर येतं. तालिया डोळे उघडते.

ही आपल्या निद्रिस्त राजकन्येची, 'स्लीपिंग ब्यूटी'ची गोष्ट. जांबात्तिस्ता बासिले यांनी ती नेपल्सच्या बोलीत लिहिली आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1634 ते 1636 या काळात त्यांचा कथासंग्रह छापला गेला. 1959 साली डिस्नेनं याच राजकन्येवर चित्रपट काढला तेव्हा तिला जाग आली ती राजपुत्राच्या चुंबनानं. चित्रपटांमागच्या 'काळ्या मूळ कथा' म्हणून आज असे प्रसंग मोठ्या चवीनं सांगितले जातात. त्यातल्या 'मूळ' या शब्दाशी मात्र माझं भांडण आहे.

कारण बासिलेही मूळ नव्हेत. त्यांच्या सुमारे तीनशे वर्षं आधी, चौदाव्या शतकात, 'पर्सफॉरेस्ट' नावाची एक अवाढव्य फ्रेंच अद्भुतकथा लिहिली गेली. तिच्यातली झेलांदिन अशीच जवसाच्या कुसळानं झोपी जाते, झोपेतच तिच्यावर तसाच प्रसंग ओढवतो, आणि तिचंही बाळच बोट चोखून तिला जागं करतं. म्हणजे या गोष्टीच्या आज हाती असलेल्या या जुन्या लिखित रूपांत जाग आणणारं बाळ आहे. चुंबन फार उशिरा आलं. 1697 साली शार्ल पेरो यांनी फ्रेंच दरबारी वाचकांसाठी ही कथा सांगितली तेव्हा बलात्कार गेला, बाळाचं बोट चोखणंही गेलं. राजपुत्र गुडघे टेकतो, शंभर वर्षं तेवढ्यात पुरी होतात आणि ती उठते. लग्न होतं, मुलं होतात, आणि मग सासू राक्षसीण निघते. तिला नातवंडं शिजवून खायची असतात. 1812 साली ग्रिम बंधूंनी छापलेल्या रूपात राजपुत्र चुंबन घेतो आणि लग्नाशी गोष्ट संपते. सासूचा भाग त्यांच्याकडे वेगळा तुकडा म्हणून होता, तो त्यांनी पुढच्या आवृत्तीत वगळला. मुलं गेली, सासू गेली, उरलं चुंबन.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांनी 1812 ते 1857 या काळात आपल्या संग्रहाच्या सात आवृत्त्या काढल्या. त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या की कात्री कुठे चालली ते स्वच्छ दिसतं. पहिल्या आवृत्तीत बुरुजात कोंडलेली रापुंझेल भाबडेपणानं विचारते, "माझे कपडे हल्ली इतके घट्ट का होतात?" तिला दिवस गेलेत, आणि हे तिच्याखेरीज सगळ्यांना कळतं. पुढे विल्हेल्मनं ते वाक्य बदललं. आता ती तिला कोंडणाऱ्या चेटकिणीला एवढंच म्हणते की राजपुत्रापेक्षा तुम्हाला वर ओढायला जास्त जड जातं. हिमगौरीचं काळीज-फुप्फुस मागणारी राणी 1812 मध्ये तिची सख्खी आई होती. 1819 मध्ये ती सावत्र झाली. हिमगौरीचं वय सात वर्षं, हेही लक्षात ठेवा. तिच्या गोष्टीत तर चुंबन नाहीच. पहिल्या आवृत्तीत राजपुत्राचे नोकर काचेची शवपेटी दिवसभर इकडून तिकडे वाहून वैतागतात, त्यातला एक जण पेटी उघडून तिच्या पाठीत धपाटा घालतो, आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. एवढी साधी, शरीराची गोष्ट.

आणि शिक्षा? राणीला लोखंडाचे लालभडक तापवलेले जोडे घालून मरेपर्यंत नाचवलं जातं. हा प्रसंग शेवटच्या आवृत्तीपर्यंत जसाच्या तसा राहिला. लहान मुलांच्या पुस्तकातून गर्भारपण काढायचं आणि तापलेले जोडे ठेवायचे, हा त्या काळच्या संपादनाचा न्याय होता. मला तो आजही अस्वस्थ करतो.

मग खरं मूळ शोधायचं कसं? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा देशभरातून आलेल्या हजारावर पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. दोन पोथ्यांत एकच चूक, एकच जास्तीचा श्लोक सापडला, तर त्यांचं घराणं एक असण्याचा संभव. पाठभेदांवरून पोथ्यांची वंशावळ लावायची ही रीत. जीवशास्त्रज्ञ जनुकांतल्या बदलांवरून प्राण्यांची वंशावळ लावतात, त्यामागचा तर्कही हाच. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ जमशीद तेहरानी यांनी तो लोककथांना लावला. 2013 मध्ये त्यांनी लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा या कथेची व तिच्या भावंडांची 58 रूपं घेतली आणि प्रत्येकात 72 गोष्टी तपासल्या: फसवणारा लांडगा की वाघ, मूल एक की अनेक, शेवटी सुटका होते की नाही. संगणकानं त्यांतून कथांच्या वंशावळीचं झाड काढलं.

2016 मध्ये त्यांनी लिस्बनच्या सारा ग्रासा दा सिल्वा यांच्यासह आणखी मोठं जाळं टाकलं: भारोपीय, म्हणजे मराठीपासून इंग्रजीपर्यंत पसरलेल्या एका कुळातल्या भाषा बोलणारे 50 समाज आणि 275 अद्भुतकथा. शेजाऱ्याकडून उसनी आलेली कथा आणि भाषेसोबत पूर्वजांकडून वारशानं आलेली कथा यांत फरक करायचा, हा त्यातला कळीचा भाग. 76 कथांमध्ये वारशाची खूण ठळक दिसली. ब्यूटी अँड द बीस्ट ही 1991 मध्ये डिस्नेनं पडद्यावर आणलेली कथा त्यांच्या हिशेबानं अडीच ते सहा हजार वर्षं जुनी असू शकते. छापील रूप मात्र 1740 सालचं. या हिशेबावर इतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतलेत, कारण लोक गोष्टी उसन्या घेतात त्या भाषेची कुंपणं ओलांडून. तरी एवढं नक्की, की छापलेलं पहिलं रूप म्हणजे जन्म नव्हे.

काळोखाचं काय? तो लेखकांनी घाबरवायला ओतला असं मला वाटत नाही. बाळंतपणात बाई दगावणं ही तेव्हा घरोघरची भीती होती, आणि आई गेली की घरात दुसरी यायची. जर्मनीच्या उत्तर समुद्रकाठच्या क्रुमहर्न भागातल्या चर्चच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी (1720 ते 1859) आणि कॅनडातल्या क्युबेकच्या नोंदी (1670 ते 1750) संशोधकांनी शेजारी ठेवल्या. आई वारल्यावर लहान मुलं जास्त दगावत, हे दोन्हीकडे दिसलं. सावत्र आई आल्यावर मुलांच्या जिवाला वाढलेला धोका मात्र फक्त क्रुमहर्नमध्ये आढळला. क्रुमहर्नमध्ये जमीन भरून गेलेली, वाटा ठरलेला. क्युबेकमध्ये नांगरायला रान मोकळं पडलेलं. सावत्र आईचा दुष्टपणा तिच्या रक्तात नव्हता, घरातल्या भाकरीच्या हिशेबात होता. ग्रिमांनी सख्ख्या आईला सावत्र केलं तेव्हा तो डाग एका अख्ख्या नात्यावर कायमचा बसला, आणि चित्रपटांनी तो जगभर नेला.

आता आपल्याकडे येऊ. 1865-66 च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर होते. बरोबर मुलगी मेरी, आणि मेरीबरोबर आया आना लिबेराता डिसोझा. आनाचं घराणं मूळचं लिंगायत. आजोबा गोव्याजवळ येऊन राहिले आणि तिथे ख्रिस्ती झाले. मुक्कामात वेळ जाईना म्हणून मेरीनं तिला गोष्टी सांगायला लावल्या. आनानं आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. मेरी त्या उतरवून घेई आणि चूक राहू नये म्हणून तिला वाचून दाखवी. 1868 मध्ये लंडनला त्यांचं पुस्तक निघालं. ग्रिमांना गोष्टी पुरवणाऱ्या अनेक बायकांची नावं पहिल्या छापील पानांवर आली नव्हती; आनाची स्वतःची हकिकत मात्र तिच्या गोष्टींच्या आधी छापलेली आहे, हे मला मोलाचं वाटतं.

त्यात सोदेवाबाईची गोष्ट आहे. ही राजकन्या गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ घेऊनच जन्मते आणि तिचा जीव त्या माळेत असतो. डोंगरावर फुलं तोडताना तिचा रत्नजडित जोडा दरीत पडतो. तो एका राजपुत्राला सापडतो आणि जोड्यावरून माग काढत तो तिच्यापर्यंत पोचतो. सिंड्रेलाची आठवण होतेच. पण राजपुत्राची पहिली बायको दासीकरवी माळ चोरवते आणि सोदेवाबाई मरते. नवऱ्याला तिला पुरववत नाही. तो तिला तशीच एका समाधीत ठेवतो. रात्री दासी निजताना माळ काढून ठेवते, की इकडे सोदेवाबाई जिवंत होते. पहाटे दासी माळ घालते, की ही पुन्हा निष्प्राण. अशाच रात्रींमध्ये तिला मुलगा होतो.

लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत निद्रिस्त राजकन्येचा क्रमांक 410 आहे आणि माळेत जीव असलेल्या मुलीचा 412, मधे एकच घर सोडून. नेपल्स आणि दख्खन यांच्यात गोष्ट कोणत्या वाटेनं गेली, की दोन्हीकडे आपापली उगवली, हे कोणत्याही झाडावर अजून पक्कं उमटलेलं नाही. पण दोन्हीकडे शेवटी तेच घडतं. आनाच्या आजीच्या गोष्टीत ते मूल दासीच्या गळ्यातल्या चकाकत्या मण्यांवर हात टाकतं, आणि ती माळ आईकडे परत येते.