देखणं इंजिन, विरळ वस्ती

ठाण्यात गेम डेव्हलपमेंटच्या क्लासला येणारी मुलं सुरुवातीलाच विचारतात: क्रायइंजिनचे डेमो एवढे भारी दिसतात, मग आपण युनिटी आणि अनरियलच का शिकतोय? ही तिन्ही गेम इंजिनं, म्हणजे गेम बनवायची तयार सॉफ्टवेअर. प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी वीसेक वर्षं मागे जावं लागतं.

यर्ली बंधूंनी १९९९ मध्ये जर्मनीत क्रायटेक ही गेम कंपनी काढली; क्रायइंजिन तिचंच. २००४ मध्ये त्यांचा ‘फार क्राय’ आला आणि २००७ मध्ये ‘क्रायसिस’. पानांतून झिरपणारं ऊन, किनाऱ्यावरचं पाणी, आडवी होणारी झाडं... तेव्हा असं दुसरीकडे क्वचितच दिसायचं. पीसी किती दणकट आहे हे ‘यावर क्रायसिस चालेल का?’ या एका प्रश्नावर ठरायचं.

पण हे इंजिन घडलं ते क्रायटेकच्या स्वतःच्या गेमच्या गरजेतून. मोकळं रान, दाट झाडी आणि बंदूकबाजी यांची तयारी उत्तम. त्यापलीकडचं काही हवं असेल तर थेट सी प्लस प्लस या अवघड प्रोग्रामिंग भाषेत उतरा. साधं उदाहरण घ्या, खेळाडू जवळ आला की उघडणारं दार. युनिटीत सी शार्प भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून ती दाराला जोडली की झालं, आणि अडलं तर त्याच दारावर ढीगभर ट्युटोरियल आहेत. क्रायइंजिनमध्ये फ्लोग्राफ (चौकोन जोडून तर्क मांडायची सोय), लुआ ही स्क्रिप्टिंग भाषा आणि सी प्लस प्लस यांपैकी कुठली वाट धरायची इथूनच गोंधळ. त्यात पाचव्या आवृत्तीत एंटिटींची, म्हणजे दार-पात्रांसारख्या गेममधल्या वस्तूंची, मांडणीच बदलली आणि जुने धडे निकामी झाले. नवशिक्याची उमेद अशाच ठिकाणी खचते, हे मी वर्गात बघतो आणि मला ते फार लागतं.

अनरियल इंजिन बनवणाऱ्या एपिकने मात्र १९९८ च्या ‘अनरियल’ या गेमपासूनच एडिटर आणि स्क्रिप्टिंगवर जोर दिला. खरा फरक पडला तो २००९ मध्ये. त्या वर्षाअखेरीस युनिटीची मूळ आवृत्ती फुकट झाली, पाठोपाठ यूडीके, म्हणजे अनरियलची फुकट आवृत्ती, आली. पुढच्याच वर्षी युनिटीचं असेट स्टोअर, म्हणजे तयार मॉडेल आणि प्लगिनचं दुकान, सुरू झालं. मग शिकणारे, शिकवणारे, प्लगिन विकणारे आणि नोकऱ्या देणारे असे सगळे एकाच जागी जमू लागले. नवी मुंबईचंच बघा ना. सिडकोने वाशीत घरं आधीच बांधली होती, पण मानखुर्द-वाशी लोकल १९९२ मध्ये सुरू झाली आणि मग माणसं खऱ्या अर्थाने राहायला आली.

क्रायटेकनेही दारं उघडली, पण अटी बदलत राहिल्या. २०११ मध्ये बिगरव्यावसायिक वापर मोफत, २०१४ मध्ये महिना ९.९० डॉलर, २०१६ मध्ये ‘हवे तेवढे द्या’, २०१८ मध्ये पाच टक्के रॉयल्टी. मधल्या काळात कंपनीच्या आर्थिक अडचणींच्या बातम्याही येत होत्या. गेम करायला तीन-चार वर्षं लागतात. एवढा काळ ज्याच्यावर विसंबायचं त्याचं असं झालं तर स्टुडिओ बिचकणारच. शिवाय आपल्याकडचा बहुतेक खेळ अँड्रॉइड फोनवर चालतो आणि क्रायइंजिनची सारी ताकद पीसी-कन्सोलवर लागलेली. पुण्यात घडलेला ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला, तोही अनरियलवर.

इंजिन कमअस्सल आहे असं मुळीच नाही. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओने ‘किंगडम कम’ या गेमचे दोन्ही भाग याच इंजिनवर केले आणि बोहेमियाची जंगलं अशी उभी केली की बघत राहावं. मात्र त्यासाठी त्यांनी इंजिन आतून खोलून आपल्या हिशेबाने वळवलं. तेवढे प्रोग्रामर पदरी असतील त्यालाच हे झेपतं. ॲमेझॉनने तर क्रायइंजिनचा परवाना घेऊन त्यावर बेतलेलं इंजिन २०१६ मध्ये लंबरयार्ड म्हणून सोर्स कोडसकट फुकट वाटलं. तरी लोक फारसे फिरकले नाहीत, आणि २०२१ मध्ये ते ओपन थ्रीडी इंजिन या नव्या रूपात लिनक्स फाउंडेशनकडे गेलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने दर इन्स्टॉलमागे शुल्क आकारायचं जाहीर केलं तेव्हा डेव्हलपर खवळले आणि कित्येकांनी दुसरं घर शोधलं. त्यांतले बरेचजण गोडो या फुकट, ओपन सोर्स इंजिनकडे गेले. त्याचं थ्रीडी क्रायइंजिनच्या जवळपासही नाही. पण डाउनलोड हलकं, डॉक्युमेंटेशन नीट, आणि कुणालाही मोकळेपणी वापरू देणारं एमआयटी लायसन्स असल्याने अटी कुणी मधेच बदलेल ही धास्ती नाही.