माझ्या जागी दुसरा आला, म्हणजे मी सुटलो का?

तिघांनी मिळून घर भाड्याने घेतलं. एकच करार, तिघांच्या सह्या, मुदत 12 महिने. सातव्या महिन्यात तुम्हाला निघायचंय. ओळखीतला एक जण तुमच्या खोलीत यायला तयार आहे, घरमालकही मेसेजवर ‘चालेल’ म्हणतो. घोटाळा इथेच होतो. तो तुमचा पोटभाडेकरू म्हणून आला, की करारात तुमच्या जागी त्याचं नाव लागलं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: तीच खोली, तीच किल्ली.

पोटभाडेकरूचा व्यवहार तुमच्याशी असतो. घरमालकाच्या लेखी भाडेकरू अजूनही तुम्हीच. समजा नवव्या महिन्यात त्याने हात वर केले, तर फोन तुम्हालाच येणार. घरमालकाने त्याला ठेवायची परवानगी दिली होती, तुम्हाला सोडलं नव्हतं. शिवाय करारात ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार’ असे शब्द असतील, तर थकलेलं सगळं भाडं घरमालक तिघांपैकी कुणा एकाकडूनही मागू शकतो. ‘माझा हिस्सा एक तृतीयांश’ हे तुमचं आपसातलं गणित. जास्त भरणाऱ्याने ते बाकीच्यांकडून वसूल करत बसायचं. आणि करारात मनाई असताना गुपचूप पोटभाडेकरू ठेवला, तर करारभंग तुमचा, पण घर खाली करायची वेळ उरलेल्या दोघांवरही येऊ शकते. मैत्री तुटते ती बहुधा इथे.

नावबदल हे किचकट काम आहे, म्हणूनच लोक ते टाळतात. त्यासाठी घरमालक, तुम्ही, नवा माणूस आणि मागे राहणारे दोघे, सगळ्यांची लेखी संमती घ्यावी. दोघांची कशाला? कारण उद्या या नव्या माणसाची थकबाकी त्यांच्या गळ्यात पडू शकते.

कागद हातात आला की त्यात एकच वाक्य शोधा: अमुक तारखेपासून पुढच्या सर्व देण्यांतून तुम्ही मुक्त. नव्याचं नाव घातलं पण जुन्याचं काढलंच नाही, असेही कागद होतात. मग करारात तीनाचे चार झाले, एवढंच. नवा माणूस परस्पर घरमालकाला भाडं भरतोय, यावर तर मुळीच विसंबू नका.

बदली माणूस मिळालाच नाही, तर उरलेल्या 5 महिन्यांचं काय? काही देशांत घरमालकाने नवा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न करावा लागतो, काही ठिकाणी तसं बंधन नाही. स्थानिक कायदा बघूनच बोलणी करा.

डिपॉझिटचंही कागदावरच हवं. एकत्र करारात ते सहसा शेवटी, घर रिकामं झाल्यावर परत मिळतं. तुमचा हिस्सा नव्या माणसाने तुम्हाला दिला असेल तर तसं लिहून घ्या, आणि किल्ली देण्याआधी खोलीचे फोटो काढा. भिंतीवरचा तो ओलीचा डाग कुणाच्या काळातला, यावर पुढे वाद होतोच.