पीएसबी आणि मायकोरायझा एक नव्हेत

‘पीएसबी लावलंय, मग मायकोरायझा कशाला? दोन्ही स्फुरदच देतात ना!’ स्फुरद (फॉस्फरस) देत कोणीच नाही, ना पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), ना मायकोरायझा (मुळात राहणारी बुरशी). नत्र हवेतून येतो, स्फुरद येत नाही. जमिनीत असेल किंवा तुम्ही टाकाल तेवढाच.

पीएसबी ओळखीचं आहे: बॅसिलस, स्यूडोमोनास वगैरे जिवाणू. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट, रायझोबियम (कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधणारे जिवाणू) लावल्यावर, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात. चुनखडीच्या जमिनीत मात्र ते आम्ल चुन्यातच जिरतं. प्रयोगशाळेच्या बशीत स्फुरद विरघळवून मोठं वलय दाखवणारा जिवाणू तिथे थंड पडतो, आणि रॉक फॉस्फेटही. ते आम्लधर्मी जमिनीचं खत आहे. इथे सिंगल सुपर फॉस्फेटच घ्या.

खरा घोळ मायकोरायझाचा. ही बुरशी आहे आणि खनिज फोडणं हे तिचं मुख्य काम नाही. तिचं काम अंतर कापण्याचं. स्फुरद विरघळला तरी जमिनीत जवळपास हलत नाही. मूळ आपल्या भोवतीच्या एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद उचलतं आणि मग उपाशी बसतं. पलीकडे साठा असला तरी तो चालत येत नाही. बुरशीचे धागे मुळाच्या आतून निघून काही सेंटीमीटर बाहेर पसरतात, केसमुळं शिरणार नाहीत अशा फटींत जातात आणि तिथला स्फुरद थेट मुळात आणून सोडतात. म्हणजे मातीपरीक्षणात स्फुरद ‘मध्यम’ आणि रोपं मात्र खुरटी, मुळांवरच्या गाठी बारीक, असं दिसलं तर अडचण पोचण्याचीही असू शकते. गाठींना ही टंचाई लगेच जाणवते: नत्राचा एक रेणू स्थिर करायला किमान १६ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्च होतात, आणि एटीपी स्फुरदाशिवाय बनत नाही.

हा फरक कळला की वापरही बदलतो. मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. त्यामुळे गुळाच्या पाण्यात ड्रमभर ‘वाढवणं’ म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय, आणि पानांवर फवारणं त्याहून हास्यास्पद. ते बियाण्याच्या खाली, कोवळं मूळ टेकेल तिथे पडायला हवं. शेजारी डीएपी या स्फुरदयुक्त खताचा भरपूर डोस ओतला, तर पोट भरलेलं रोप बुरशीला आत घेत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया जिवाणूंना फारशी बाधत नाही, पण या बुरशीच्या मुळावर येते. तिथे पर्यायी औषध निवडा.

आधी मोहरी घेतली असेल तर मायकोरायझा जरूर द्या, कारण मोहरीच्या मुळात ही बुरशी राहत नाही आणि जमिनीतला तिचा साठा घटतो. खोल नांगरटीनेही धागे तुटतात. सलग कडधान्य-तृणधान्य फेरपालट असलेल्या, कमी मशागतीच्या शेतात स्थानिक बुरशी बहुधा पुरेशी असते. तिथे पैसे वाचवा.