भाजल्याच्या जुन्या व्रणातला कॅन्सर : पार्श्वभूमी

1828 मध्ये एका फ्रेंच सर्जनने जुन्या व्रणांवरच्या न भरणाऱ्या जखमांचं वर्णन केलं, कॅन्सर हा शब्दही न वापरता, आणि तरी 1903 मध्ये अमेरिकेत अशा व्रणात होणाऱ्या कॅन्सरला त्याचंच नाव दिलं गेलं, आजही रिपोर्टवर मार्जोलिन अल्सर असंच येतं.

पण खरा वाद आहे तो भाजलेली कातडी काढायची कधी याचा. पूर्वी जळालेला थर आपोआप सुटायची वाट बघायचे, दोन-तीन आठवडे, मग ग्राफ्ट, म्हणजे अंगावरच्या दुसऱ्या जागची कातडी काढून तिथे लावायची, आणि बऱ्याच जणांना तेही नाही, जखम जशी भरेल तशी भरू द्यायची. अशी भरलेली कातडी पातळ आणि ताणलेली राहते, पुन्हा पुन्हा चिरते, आणि हा कॅन्सर अशाच जागी होतो. 1970 मध्ये युगोस्लाव्हियातल्या एका महिला सर्जनने पहिल्या काही दिवसांतच मेलेला थर पातळ पातळ तासून लगेच ग्राफ्ट लावायची पद्धत मांडली. आक्षेप बरेच आले, रक्त खूप जातं, पेशंट आधीच खचलेला, आणि कुठला भाग आपला आपण भरला असता हे इतक्या लवकर कसं ठरवणार? आपल्याकडे रक्त आणि आयसीयू बेड मिळायची मारामार, त्यामुळे हे आक्षेप खोटे नव्हते, पण थांबण्याची किंमत पेशंटने पुढे कित्येक वर्षं मोजली हे बोललंच जात नाही याचा मला राग येतो.

जास्त भाजलेल्याच्या अंगावर ग्राफ्टपुरती कातडीच उरत नाही. मुंबईत 2000 च्या सुमारास स्किन बँक सुरू झाली तेव्हा कुठे वाट निघाली. दात्याच्या मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ इथली वरची पातळ कातडी घेतात, ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षं टिकते, रक्तगट जुळवावा लागत नाही. ती कायमची धरत नाही, पण तेवढ्या वेळात जखम झाकलेली राहते.

मात्र स्टोव्ह भडकून, पदर पेटून ज्या बायका 80-90 च्या दशकात भाजल्या त्यांना यातलं फारसं काही मिळालं नाही, आणि कॅन्सर व्हायला सरासरी तीसेक वर्षं लागतात म्हणजे त्यांची वेळ आत्ता आहे. गुडघ्यामागची कातडी उकिडवं बसलं की चिरते, खपली धरते, पुन्हा निघते, घरात हळद नाहीतर मलम चालू. मग कडा जाड आणि कडक होते, वास येतो. तीन महिने न भरलेल्या अशा जखमेचे तुकडे कडेवरून आणि मधून, तीन-चार ठिकाणचे तपासायला पाठवायला हवेत, कारण एकाच तुकड्यात कॅन्सर हुकू शकतो, आणि हा साध्या त्वचेच्या कॅन्सरपेक्षा जांघेतल्या गाठींपर्यंत लवकर पोचतो.