हिवाळ्यातील रपेट आणि तेज घोडा : आमच्या स्वारांसाठी माहिती

कार्तिक सरला की अलिबागजवळच्या नागाव-आक्षीच्या किनाऱ्यावर पहाटेचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा झोंबू लागतो, पारा २० अंशांच्या खाली उतरतो आणि पावसाळाभर मरगळलेले आमच्या पागेतील घोडे खोगीर दिसताच फुरफुरू लागतात. ऑक्टोबरमध्ये शांतपणे चाललेला घोडा जानेवारीत जागच्या जागी का नाचतो, असा प्रश्न आम्हांला अनेक ग्राहक विचारतात. त्याचे उत्तर रपेटीला येण्यापूर्वीच आपल्या हाती असावे, यासाठी हे माहितीपत्रक आहे.

घोडा आपले अंग मुख्यत्वे घामावाटे थंड करतो. दमट हवेत हा घाम लवकर वाळत नाही आणि थोड्याशा दौडीनेही घोडा थकतो. हिवाळ्यातील कोरड्या, गार हवेत तीच दौड त्याला सहज जमते. माश्यांचा त्रास कमी झालेला असतो, रात्रभर तो ठाणावर उभा असतो आणि चंदी (हरभऱ्यासारखा दाण्याचा खुराक) मात्र तेवढीच पोटात गेलेली असते. म्हणजे सकाळी आपण ज्या घोड्यावर बसता, त्याच्या अंगात खर्च न झालेली ताकद असते. हा खोडसाळपणा नव्हे, आणि चाबूक हा त्यावरचा उपाय तर मुळीच नव्हे. ज्या दिवशी घोड्याला विश्रांती असते, त्या दिवशी आम्ही त्याचा हरभरा कमी करतो आणि गवत वाढवतो; उरलेले काम स्वाराला करावे लागते.

ते काम असे की पहिली वीस मिनिटे घोडा केवळ चालीने न्यावा, पळवू नये. या एका नियमाला आमच्याकडे अपवाद नाही, मग स्वार कितीही अनुभवी असो. थंडीत आखडलेले स्नायू आणि सांधे सैल व्हायला एवढा वेळ लागतोच, शिवाय घोड्याला आपल्या मांडीची आणि हाताची ओळखही याच वेळात होते. आमची चांदणी नावाची काठेवाडी घोडी सुरूच्या बनातून बाहेर पडताना मान उंच धरते, आत वळलेल्या टोकांचे तिचे कान एकमेकांना टेकतात आणि ती दोन पावले आडवी टाकते. अशा वेळी लगाम खेचून धरला तर ती आणखी आडवी जाते. हात सैल ठेवून तिला संथ वळणे दिली की थोड्याच वेळात मान खाली येते आणि ती नाकातून लांब श्वास सोडते. तो श्वास ऐकू आल्यावरच आम्ही दुडकीची (चालीपेक्षा वेगवान, हलक्या धावेची) परवानगी देतो. खोगीर चढवताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात, म्हणून चालीच्या पहिल्या दहा मिनिटांनंतर आमचा मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर बांधणारा पट्टा, पुन्हा आवळतो. त्यासाठी थांबण्याचा कंटाळा करू नये.

रपेटीची वाट भरती-ओहोटी ठरवते. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची (सर्वांत मोठी) भरती दुपारी बाराच्या आसपास येते, त्यामुळे सकाळी सहा-सातला पाणी दूर गेलेले असते आणि ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा दौडीसाठी मोकळा मिळतो. पुढे दररोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी सरकते. अष्टमीच्या सुमारास भांगाची (लहान) भरती नेमकी सकाळी असते. तेव्हा उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू, आणि तिच्यात दौडवल्यास घोड्याच्या पायांत स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या शिरांवर ताण येतो. त्या दिवसांत आम्ही वाड्यांमधून, गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) कडेने जाणारी वाट धरतो. खाडीच्या मुखाकडे वाळूखाली चिखल असतो, म्हणून तिकडे घोडा नेत नाही.

वाड्यांच्या वाटेवर शेजाऱ्यांचा मान राखणे आवश्यक आहे. भात निघाल्यावर शेतांत वाल आणि पांढऱ्या कांद्याचे वाफे असतात. त्यांत एक खूर पडला तरी कुणाची तरी मेहनत वाया जाते. आंब्याच्या मोहोरावर फवारणी चालू असलेल्या बागेजवळून आम्ही जात नाही आणि तिथले गवत घोड्याला तोंडात घेऊ देत नाही. पहाटे दवाने ओला झालेला जांभा दगड निसरडा असतो, त्यावर चालच ठेवावी.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते; कपाळापुढचा अगदी जवळचा भाग आणि शेपटीमागचा भाग तेवढा दिसत नाही. वाऱ्याने हललेले वाळत घातलेले जाळे किंवा उडालेली प्लास्टिकची पिशवी पाहून तेज घोडा बुजतो. गेल्या हिवाळ्यात वाळूवर कोसळलेल्या पतंगाने आमचा एक घोडा उसळला आणि घाबरलेल्या स्वाराने दोन्ही टाचा त्याच्या पोटात रुतवल्या. घोड्याने तो पळण्याचा इशारा मानला, आणि चूक आमची होती, कारण टाचांविषयी आम्ही त्या स्वाराला आधी पुरेसे बजावले नव्हते. आता प्रत्येकाला सांगतो : घोडा बुजला तर टाचा खाली दाबून पोटापासून दूर ठेवाव्यात, खोगिरात खोल बसावे, दोन्ही लगाम एकदम न खेचता एकाच बाजूच्या लगामाने त्याला मोठ्या वर्तुळात वळवावे आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहावे.

शिरस्त्राण आम्ही देतो व ते सक्तीचे आहे. पूर्ण पँट आणि लहान टाचेचे बंद बूट आपण घालून यावेत, म्हणजे पाऊल रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जात नाही. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा अधिक नसावे, म्हणून नोंदणीच्या वेळी आपले वजन खरे सांगावे.

परतीची शेवटची दहा मिनिटे पुन्हा चालीचीच असतात. घामाने भिजलेला घोडा वाऱ्यात उभा केला तर त्याचे अंग आखडते. म्हणून त्याला फिरवून, पाय गोड्या पाण्याने धुऊन, अंग पुसून मगच खरारा (अंग घासून साफ करणे) होतो. आपल्याला थांबून हे पाहता येईल. गाजर आणले असल्यास ते मोतद्दाराला विचारून, सपाट तळहातावर ठेवून आणि अंगठा मिटून द्यावे.