चादरीसोबत तिचा वासही जपायला हवा

सोलापुरी चादर संग्रहालयात काचेच्या कपाटात मांडली, की तिची नक्षी दिसते, रंग दिसतात. ती विणली गेली त्या शेडचा वास मात्र तिथे नसतो. सुताला ताठपणा देणाऱ्या सायझिंगच्या खळीचा आंबूस वास, मागाचं तापलेलं तेल, रंगाच्या टाकीतल्या ‘हायड्रोस’ या रसायनाचा नाकाला झोंबणारा गंधकी दर्प. घरोघरचे हातमाग, १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, मग यंत्रमाग, असा या शहराचा इतिहास आहे. तो मांडताना वास वगळला, तर कामगाराचा दिवसच वगळल्यासारखं होईल.

वासाची आठवण इतकी घट्ट का बसते? माणसाच्या नाकात गंधकण ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. अशा ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डोळ्यांचे आणि कानांचे संदेश मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, जाण्याआधी थॅलॅमस या संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्रातून जातात. वासाचा संदेश मात्र थॅलॅमसला वळसा घालून भावना आणि स्मृतीशी जोडलेल्या भागांत पोचतो.

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १९८४ पासून योर्विक या संग्रहालयात व्हायकिंगांच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दींच्या, वस्तीचे वास दरवळत ठेवले आहेत. काही वर्षांपूर्वी तिथे जाऊन आलेल्यांवरचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेच वास पुन्हा हुंगायला दिल्यावर लोकांना प्रदर्शनाचे तपशील जास्त आठवले; वेगळे वास दिल्यावर तितके आठवले नाहीत.

पण दालनभर अत्तर फवारून चालणार नाही. नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं, दम्याच्या रुग्णांना त्रास होतो, आणि सूत तर वास चटकन धरून ठेवतं. आम्लाची वाफ जुन्या कापडाला घातकच. त्यामुळे मूळ चादरीपासून दूर, झाकण उघडून हुंगायची छोटी डबी हाच मला योग्य मार्ग वाटतो.

वास टिपायची पद्धतही आहे. वस्तूभोवतीची हवा शोषक पदार्थावरून ओढून घेतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्यातले रेणू ओळखतात. त्या यादीवरून गंधतज्ज्ञ मिश्रण तयार करतो. एखादा रेणू अगदी कमी असूनही नाकाला सर्वांत ठळक जाणवतो, म्हणून नुसत्या यंत्रावर भागत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात आयुष्यभर मागावर बसलेल्या, पद्मशाली या विणकर समाजातल्या आजोबांना ते मिश्रण हुंगायला द्यावं लागेल. खळ कमी पडली की तेल जास्त झालं, हे तेच सांगू शकतील. म्हणून ते आहेत तोवर, आत्ताच हे काम हाती घ्यायला हवं.