नवी बेरेट उकळत्या पाण्यात घालू नका

नवी बेरेट, म्हणजे गणवेशाची मऊ गोल टोपी, उकळत्या पाण्यात बुडवली की ती डोक्याला नेमकी बसते, असा सल्ला कॅडेट मुलांना वर्षानुवर्षे मिळतो. तो खरा वाटतो, कारण आकार देण्यासाठी पाणी लागतंच. उकळतं मात्र लागत नाही.

बेरेट सहसा लोकरीची असते. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि पुन्हा सैल होत नाही. शिवाय रंग उतरतो, कडेची चामडी पट्टी आखडते. माप कमी करायचं असेल तर ज्या बेरेटला मागे नाडी असते, तिची नाडी ओढावी. ती त्यासाठीच असते.

खात्री करायची आहे? जुन्या लोकरी स्वेटरचे दोन सारखे तुकडे मोजून घ्या. एक उकळत्या पाण्यात ढवळा, दुसरा कोमट पाण्यात नुसता भिजवा. वाळल्यावर परत मोजा.

आता आकाराचं. पट्टी कोरडी ठेवून फक्त वरची लोकर कोमट पाण्यात भिजवा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा. आपल्याकडच्या पद्धतीने बिल्ला डाव्या डोळ्यावर येईल अशी, पट्टी कपाळावर आडवी ठेवून घाला. जास्तीचं कापड उजव्या कानाकडे ओढून तळहाताने सपाट करा आणि बऱ्यापैकी वाळेपर्यंत डोक्यावरच राहू द्या. एकदा भिजवून आकार नाही धरला, तर पुन्हा भिजवा. आटलेली बेरेट मात्र बदलावीच लागते, आणि तो खर्च घरच्यांना पडतो.